सव्वा वीत जास्त

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनी पुढे सरका, सतरंजी पुरते सगळ्यांना. पेटी आज मिटलेलीच राहू दे, सूर लावायचाच झाला तर शेवटी लावू. आज एका चीवराची, भिक्खूच्या वस्त्राची, गोष्ट सांगतो. ते शिवलं गेलं दुबईत, आणि मापाला सव्वा वीत जास्त झालं. शिवणाऱ्याचं नाव भिकाजी तांबे. एकोणतीस वर्षं ज्याच्या हाताखालून एक कापड चुकीचं गेलं नव्हतं, तो त्या दिवशी कसा चुकला आणि त्या चुकीने त्याला कुठे नेऊन पोचवलं, एवढंच सांगायचंय. ऐका.

वर्षावास, म्हणजे भिक्खूंचे पावसाळ्यात एका जागी राहायचे तीन महिने, संपला की महिन्याच्या आत त्यांना 'कठिण' म्हणतात ते चीवर द्यायचं असतं, आणि त्याची रीत अशी की कापणं, शिवणं, रंगवणं, वाळवणं सगळं एका दिवसात उरकायचं, उद्यावर काही ठेवायचं नाही. तो रविवार त्याचाच होता. श्रीलंकेच्या लोकांनी भाड्याने घेतलेल्या एका जुन्या व्हिलात विहार होता. बाहेरून पाहिलं तर कुणाचंही घर वाटावं, फक्त दाराशी चपलांचा ढीग. पांढऱ्या साड्यांतल्या सिंहली बायका सकाळपासून तीन मशीनवर बसल्या होत्या आणि कापून देणारा होता भिकाजी, त्या सगळ्यांत एकटा मराठी. इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या युनिफॉर्मच्या कारखान्यात तो कटर मास्तर. साठ साठ थर एकावर एक घालून शाळेच्या पँटी कापणारा माणूस, त्याला एक चीवर म्हणजे काय. साडेदहाच्या सुमाराला शिवण पूर्ण झाली. रंगात बुडवायच्या आधी दोघींनी कापड वर धरलं आणि ज्यांच्यासाठी ते होतं ते विहारातले भिक्खू, विमलज्योती भन्ते, हसत हसत त्याच्या शेजारी उभे राहिले. कापडाची खालची कड फरशीवर वीतभर लोळत होती. लांबीलाही सव्वा वीत जास्त. बायका खुसुखुसु हसल्या. एक जण म्हणाली, मास्तर, अंदर दो भन्ते आ जाएगा. भिकाजीही हसला, पण त्याचा हात आपोआप खिशात गेला, आणि तिथे ती दोरी होती. चीवर ज्याचं त्याच्या हाताने मोजायचं असतं, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. भन्ते ठेंगणे, म्हणून सकाळी त्याने मुद्दाम त्यांच्या हाताएवढी दोरी कापून, गाठ मारून खिशात ठेवली होती. ती जशीच्या तशी खिशात राहिली, आणि कापडावर आडवा पडला होता तो त्याचा स्वतःचा हात. साडेसहा वेळा लांबीला, चार वेळा उंचीला.

भन्त्यांनी ते कापड बोटांत धरून पाहिलं, मग त्याच्या खांद्याकडे पाहिलं. म्हणाले, "तांबेजी, ये किसका नाप है?" तो ब्लेड शोधायला लागला. "अच्छा है, अच्छा है," भन्ते म्हणाले, "जिसका है, उसको आराम से आएगा." आणि जेवणाची वेळ टळू नये म्हणून आत निघून गेले.

झालं ते एवढंच. पण भिकाजी मशीनच्या स्टुलावर बसला, ब्लेडने काठाची शिवण उसवायला लागला, आणि त्याला वाटलं, हाताला हे कुणी सांगितलं? डोक्याने नाही. डोक्यात तर त्या वेळी काहीच नव्हतं. कापड पसरताना ते इतकं शुभ्र आणि गार लागलं होतं की हात तिथे टेकवला आणि बरं वाटलं. कारखान्यात सगळं सेंटिमीटरमध्ये; मापं आखलेला कागदाचा मार्कर वर ठेवायचा, मशीन फिरवायचं, आपला देह त्यात कुठेच नाही. इतक्या वर्षांत लाखभर माणसांचे कपडे कापले, त्यांतला एकही आपल्या अंगाचा नव्हता. आणि आज हात पहिल्यांदा आपल्या मनाने आडवा पडला. उसवताना ब्लेडची किरकिर एका लयीत होत होती. टाके निघत होते, कापडावर बारीक भोकांची रांग राहत होती, मुंग्या चालून गेल्यासारखी. चीवराचे तुकडे जोडलेले असतात शेतांसारखे; मधे बांध, बांधाला टेकून दुसरं खाचर. मगधातली भातशेती बघून तो आराखडा ठरला, असं वाडीत आख्यानं गाणारे धाकटू बुवा सांगायचे. भिकाजीला मगध कुठलं ठाऊक? त्याला दिसायच्या त्या गावाकडच्या बौद्धवाडीच्या खालच्या उतरत्या मळ्या. पावसाळ्यात एकीतलं पाणी दुसरीत उतरतं, आणि रंभा, त्याची बायको, कासोटा खोचून चिखलात उभी, कुणाला तरी हाका मारते आहे. ते चित्रही त्याने सुट्टीत पाहिलेलं. दोन वर्षांतून एकदा, चाळीस दिवस.

त्याचं दुःख होतं म्हणाल, तर तसं काही नव्हतं, आणि हेच सांगताना मला बरं वाटतं. भिकाजी सुखी माणूस होता. कामगारांच्या कँपातल्या खोलीत खालचा पलंग, एक पत्र्याची ट्रंक, दोन युनिफॉर्म, एक डबा. मेसमध्ये जे येईल ते खायचं, नऊला दिवा बंद. वरच्या पलंगावर गावचाच नीलेश. एकदा नीलेश म्हणाला होता, तांबेनू, तुमाला भिक्खू व्हायला काय कष्ट पडायचे नाय, निस्ता रंग बदलायचाय. मस्करी होती ती, पण भिकाजीच्या आत कुठेतरी जाऊन बसली. दर रविवारी तो विहारात यायचा. सुत्तपठण सुरू झालं की डोक्यात असं व्हायचं, जसं दिवसभर चाललेलं मशीन कुणी बंद करावं आणि मग कळावं की इतका वेळ आवाज होत होता. ते गाऊन म्हटलेलं पठण त्याच्या छातीत उतरायचं. भाषा कळो न कळो. मग कारखान्याने कटिंगचं खातं बंद करायचं ठरवलं, संगणकावर चालणारं मशीन आणलं, आणि भिकाजीला कळलं की आता आपण मोकळे. त्याने भन्त्यांना विचारलं होतं, मला घ्याल का. भन्ते म्हणाले होते, श्रीलंकेत कुरुनेगलजवळ आमचा विहार आहे, तिथे उतारवयाची माणसंही दीक्षा घेतात, वर्षावासानंतरच्या पौर्णिमेला मी जातोय, चला. पण दीक्षेच्या वेळी उभं करून विचारतात. माणूस आहेस का? स्वतंत्र आहेस का? घरच्यांची परवानगी आहे का? पात्र-चीवर तुझं पूर्ण आहे का? त्यातलं तिसरं आधी करून या. महिन्याभराने त्यांनी विचारलं, घर में पूछा? आणि भिकाजी म्हणाला होता, घर में सब ठीक है, भन्ते. खोटं नव्हतं ते. घरी खरंच सगळं ठीक होतं. रंभाची शेळी व्याली होती, लेक संपदा चिपळुणात सुखात होती, नात ईशानी पहिलीत गेली होती. रोज रात्री जेवण झाल्यावर तो फोन करायचा आणि रोज हे सगळं ऐकायचा, आणि फोन ठेवताना त्याला वाटायचं, उद्या विचारू.

उद्या म्हणजे आता उद्याच. कंपनीच्या ऑफिसात अनुपमा म्हणून पुण्याची मुलगी होती, शेवटचं तिकीट तीच काढून द्यायची. काल तिने त्याला काउंटरशी थांबवून म्हटलं होतं, "तांबे काका, सेक्टर फायनल करा ना प्लीज. मुंबई की कोलंबो? सोमवारी बारापर्यंत हं, मग सिस्टीम लॉक. आणि कोलंबोला कोण आहे तुमचं?" तो म्हणाला, कुणी नाही. ती म्हणाली, मग मजा आहे. आणि हसून पुन्हा स्क्रीनकडे वळली.

कापडाची एक बाजू उसवून झाली. आतून भांड्यांचा आवाज यायला लागला, बायका जेवायला गेल्या. तो बसून राहिला. काठ सुटलेलं कापड मांडीवर जड लागत होतं, आणि त्याला आठवलं ते मुंडण. पाच वर्षांपूर्वीच्या सुट्टीत तालुक्याच्या शाळेत दहा दिवसांचं श्रामणेर शिबिर होतं, तेवढे दिवस मुंडण करून भिक्खूसारखं राहायचं, त्यात तो बसला होता. आठव्या दिवशी सगळ्या श्रामणेरांना ओळीने आपापल्या वाडीत भिक्षेला नेलं. नियम असा की मान खाली, बोलायचं नाही, दारासमोर उभं राहायचं, मिळेल ते घ्यायचं आणि पुढे चालायचं. तो आपल्याच दारासमोर उभा राहिला. अनवाणी, डोक्याला ऊन चटके देतंय. रंभा बाहेर आली. तिने पात्रात भात घातला, त्यावर कुळथाची पिठी, आणि खाली वाकून त्याच्या पायांशी डोकं टेकलं. त्याला फक्त तिचा भांग दिसला. भांगाच्या दोन्ही बाजूंना केस पांढरे झाले होते, आणि हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. सुट्टीचे तीस दिवस घरात राहूनही नव्हतं माहीत. घरात ती डोक्यावर पदर घेऊन वावरायची आणि तो खुर्चीवर बसलेला असायचा. पाहुण्याची खुर्ची. पहिले आठ दिवस सगळे भोवती, मग पंधराव्या दिवसापासून तो मधे यायला लागे. झाडणारीला पाय उचलून द्यायचे, पाणी तापवायला गेला तर रंभा म्हणायची, राहू द्या वो, तुमाला सापडायचं नाय. कुठला डबा कुठे ते त्याला खरंच सापडायचं नाही. त्या घराला पैसे त्याने पाठवले होते, कौलं त्याच्या पगाराची होती, पण रात्री पाण्याला उठला तर उंबऱ्याला ठेच लागायची. कँपात अंधारातही ठेच लागत नसे. हे एवढंच होतं खरं तर. कुरुनेगलच्या विहारात एक खोली असेल, एक चटई असेल, आणि पहिल्या रात्रीपासून त्याला सगळं सापडेल. बरं वाटायचं त्या विचाराने. पण त्या बरं वाटण्यात बारीक खडा होता, चपलेत असतो तसा. चालता येतं, पण तो आहे हे विसरता येत नाही.

आणि तो खडा कुठला हे त्याला गेल्याच पौर्णिमेला कळलं होतं. कोलंबोहून एक वृद्ध भन्ते आले होते, गाऊन प्रवचन करणारे. गौतमाच्या गृहत्यागाचं आख्यान. काय आवाज होता, म्हणून सांगू. एक ओळ उचलायचे, ती वर नेऊन तिथेच धरायचे, आणि खाली बसलेली सगळी माणसं ती ओळ खाली येईपर्यंत श्वास धरून. भिकाजीला सिंहली येत नव्हतं, पण शेजारची बाई डोळे पुसत हलक्या आवाजात सांगत होती: अब रात है. अब बीवी सोती है, बच्चा सोता है. अब पैर उठाया. अब देहली पर है. सगळा विहार रडत होता. भिकाजीनेही रुमाल काढला. पण रडू फुटेना, कारण त्याच वेळी त्याला आत एक पेटी ऐकू यायला लागली होती. हवा गळणारी, एक पट्टी मुकी असलेली धाकटू बुवांची पेटी. वाडीच्या विहारात बुवा हेच आख्यान गायचे, पण ह्या ठिकाणी आले की पेटी थांबवून, समोर बसलेल्या पोरांकडे बोट करून म्हणायचे, "आपला चोरून जाणारा नव्हता, रे. सांगून गेला." आणि मग दिवसाउजेडी जाणारा सिद्धार्थ ते गायचे. आईबापाशी बोललेला, बायकोच्या खोलीत जाऊन तिच्यासमोर उभा राहिलेला, तोंडातून शब्द फुटत नसलेला. आणि शब्द तिनेच काढून दिलेला, जा म्हणून. त्या 'जा'वर बुवा किती वेळ थांबायचे. बायका पदर डोळ्यांना लावायच्या, पण त्या रडण्यात ताठ मान असायची. लहानपणी भिकाजी ते ऐकून घरी जायचा आणि त्याला वाटायचं, असंच असणार, दुसरं कसं असेल. पौर्णिमेला त्या सुंदर गाण्याखाली बसून त्याला पहिल्यांदा वाटलं, आपण कुठल्या आख्यानात आहोत? आपण तर उंबऱ्यावर पाय ठेवून उभे आहोत, आणि रंभा झोपलीये असं धरून चाललोय.

उसवायची अजून एक बाजू होती. त्याने कापड खाली ठेवलं, मागच्या दाराने अंगणात गेला. तिथे रंगाचं पातेलं गॅसवर ठेवलेलं, केशरी पाण्याला नुकती वाफ धरत होती. पलीकडच्या मशिदीतून अजान झाली. ती संपेपर्यंत तो थांबला, मग फोन लावला.

"काय वो, आज दुपारचा फोन? बरं हाय ना?"

बरं आहे म्हणाला. जेवलात का, जेवलो. तू? ती विहारात होती. वर्षावासाच्या तीन महिन्यांत वाडीतल्या बायकांना रोज धम्माचा ग्रंथ वाचून दाखवायचं काम तिच्याकडे होतं, त्याचा समारोप झाला होता, आज भांडी घासायला सगळ्या जमल्या होत्या. मागे कुणीतरी मोठ्याने हसत होतं. ती म्हणाली, थांबा, ह्या साळकाया ऐकतायत, बाहेर येते. मग तिच्या चपलांचा आवाज, मग कावळा, मग काहीच नाही. तिला कळलं होतं की आज काहीतरी आहे. तो म्हणाला, अगो, मला एक विचारायचं होतं. ती म्हणाली, विचारा. त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. पातेल्याकडे बघत राहिला.

"भिक्खू व्हायचंय, तेच ना?" रंभा म्हणाली. "नीलेशच्या आईनं मला श्रावणातच सांगितलं."

"मग बोलली नाहीस?"

"माझ्याशी कोण बोललंच नाय त्यावर, मी कुणाशी बोलू? म्हटलं, माणूस विचारील तेव्हा सांगू."

तिच्या आवाजात राग शोधला त्याने. नव्हता. थोडी गंमत होती, जशी पोराने चोरून खाल्लेला गूळ ओठाला लागलेला दिसला की असते. तो म्हणाला, परवानगी लागते घरच्यांची.  

"परवानगी कसली देऊ?" ती म्हणाली. "घर सोडणार म्हणता, तर तुमी घरात होतात कधी? एकोणतीस वर्षं झाली. मी रागानं नाय बोलत हां. तुमी तिकडं राबलात म्हणून इकडं चूल पेटली, ते मला ठाऊक हाय. पण जो आतच नाय, त्याला जा कसं म्हणायचं?"

 तिच्या मागे वारा होता.

"माझी ना नाय," ती म्हणाली. "मी देईन परवानगी. पण इथून जा. आधी घरी या, ऱ्हावा. शेळीचं दावं कुठं, मिठाचा डबा कुठं, ते कळू दे. मग एक दिवस सकाळी चाय घ्या, आणि सगळ्या वाडीदेखत दिवसाउजेडी दारातून निघा. मी दारात उभी ऱ्हाईन. पात्रात पहिला घास माझाच घालीन. तिकडून परस्पर नाय."

"किती दिवस राहू?"

"ते आता कसं सांगू मी? आधी या तरी." मग तिचा आवाज थोडा खाली आला. "मला चष्म्यानं पण नीट दिसत नाय आता. पुढच्या वर्षावासाला निम्मं तुमी वाचा."

एवढं बोलून ती म्हणाली, ठेवते, भांडी पडलीत, आणि तिने ठेवला. पातेल्यातलं पाणी आता उकळत होतं, फेस काठापर्यंत येऊन परत खाली जात होता. भिकाजीने गॅस बारीक केला. त्याला वाटलं होतं की आज कुठला तरी एक दरवाजा बंद होईल, आणि झालं होतं असं की दोन्ही उघडे होते आणि वाराच वारा. चपलेतला खडा कधी पडला, कळलंही नाही. आत जाऊन तो भन्त्यांसमोर बसला, तीनदा वाकला, आणि सांगितलं. की तेव्हा मी घरी विचारलं नव्हतं, आत्ता विचारलं. घर ठीक आहे म्हणालो होतो, ते उत्तर तुमच्या प्रश्नाचं नव्हतं. भन्ते ऐकत होते. म्हणाले, "क्या बोली?" त्याने आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं, बोली, पहले आओ, फिर जाओ. भन्त्यांनी ते मनातल्या मनात एकदा फिरवून पाहिलं, आणि मग ते इतके हसले की आतल्या खोलीतून बायका डोकावल्या. "आपकी पत्नी," ते म्हणाले, "हमसे अच्छा उपदेश करती है. जाओ, जाओ. विहार कहीं नहीं जाता."

मग त्याने खिशातली दोरी काढली. कापड पुन्हा पसरलं, आणि गाठीपासून टोकापर्यंत, गाठीपासून टोकापर्यंत, साडेसहा वेळा लांबी आणि चार वेळा उंची मोजली. मग कात्री लावली. काठ पुन्हा जोडले, बायकांनी मशीन मारलं, चीवर रंगात गेलं, आणि उन्हात टाकलं ते चार वाजायच्या आत खडखडीत वाळलं. भन्त्यांनी ते अंगावर घेतलं, तेव्हा खालची कड घोट्यावर बरोबर बसली; कुणी 'साधु' म्हणालं, मग सगळेच म्हणाले, भिकाजीही. उरलेल्या पट्ट्याही कुणीतरी त्याच रंगात बुडवल्या होत्या. संघाला दिलेलं कापड, त्याने विचारल्याशिवाय हात लावला नाही. भन्त्यांनी स्वतः त्या पट्ट्या घडी करून त्याच्या हातात दिल्या. परतताना बसमध्ये त्याने अनुपमाला एका शब्दाचा मेसेज टाकला, मुंबई. तिने लगेच अंगठा पाठवला, आणि मागून विचारलं, कोलंबो कॅन्सल का काका? त्याने लिहिलं, कॅन्सल नाही, नंतर. मग मोबाईल खिशात ठेवून त्याने डोळे मिटले. बाहेर गोदामांच्या भिंती, पाण्याचे टँकर, कामावरून परतणाऱ्या माणसांच्या बसगाड्या सरकत होत्या. त्याच्या आत बुवांची पेटी वाजत होती. मुकी पट्टी सोडून सगळे सूर लागत होते.

पुढे काय झालं, असं विचाराल. त्या पट्ट्या जोडून रंभाने ग्रंथ गुंडाळून ठेवायला बासन शिवलं. ह्या वर्षावासात निम्मं ती वाचते, निम्मं तो. त्याचं वाचन गाण्यावर जातं, बायका मुद्दाम त्याच्या पानाला येतात. मिठाचा डबा त्याला सापडतो. उंबरा मात्र अजून एखाद्या दिवशी लागतो पायाला. दर पौर्णिमेला ती विचारते, मग, काय ठरलं? आणि तो म्हणतो, अजून घरात येतोय गो. ती म्हणते, या. एक दिवस तो जाईलही. तिने परवानगी दिलेली आहे आणि ती शब्द फिरवणारी नाही.

आता सूर लावायला हरकत नाही, पेटी उघडा. फक्त त्याआधी एक मागणं आहे. कुठे एखादे भन्ते दिसतील, अंगावर चीवर मापात बसलेलं असेल, तुम्ही हात जोडाल. तेव्हा क्षणभर त्या बौद्धवाडीतल्या रंभाला आठवा. ती झोपलेली नव्हती. ती दारात उभी आहे.